मोज्यातली चांदी खाडीत उतरते तेव्हा

गेल्या महिन्यात भाचीला शाळेचे मोजे घ्यायला दादरला गेले होते. स्टेशनबाहेर एकाकडे तीन जोडांचं पाकीट मिळालं. त्यावर ठळक अक्षरांत 'नॅनो सिल्व्हर' आणि खाली 'जंतू नष्ट, घामाचा वास गायब' असं छापलेलं. घरी येऊन पाकीट फोडता फोडता ती म्हणाली, "मावशी, यात खरंच चांदी असते का गं? आणि मोजे धुतले की ती कुठे जाते?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पाकिटावरचं खरं असेल तर हो, असते. दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख. 'नॅनो' हा शब्द आता पाण्याच्या फिल्टरवर, भिंतीच्या रंगाच्या डब्यावर, सनस्क्रीनवर, खताच्या बाटलीवर, सगळीकडे दिसतो आणि वाचताना वाटतं की काहीतरी सुधारलेलं, चांगलंच असणार. मी प्राणिशास्त्र शिकवते. या कणांचा फटका ज्यांना आधी बसतो ते जीव डोळ्यांना जेमतेम दिसतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

नॅनो म्हणजे केवढं?

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणाला नॅनोकण म्हणतात. आकडा वाचून काहीच डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून असं करू. १० नॅनोमीटरचा चांदीचा कण फुगवून मोहरीएवढा करा आणि बाकी सगळं त्याच पटीत वाढवा. मग जिवाणू शहाळ्याएवढा होईल, डोक्यावरचा केस पाच मजली इमारतीएवढा जाड होईल आणि पाण्यातला दोन मिलिमीटरचा किडा पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षाही लांब होईल. मोहरीचा दाणा आणि अख्खी लोकल, हे प्रमाण लक्षात असू द्या.

चांदी तर आपण बाळाला वाटीतून भरवतो

हा आक्षेप मला सगळ्यात आधी ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे उष्टावणाला चांदीची वाटी-चमचा देतात. कुणाला त्याने कधी काही झालेलं नाही. मग तीच चांदी मोज्यात आली की एवढी चिंता का?

चांदी जे काही करते ते तिच्या पृष्ठभागावर करते. एक सेंटिमीटर लांब-रुंद-उंच असा चांदीचा ठोकळा घ्या. वजन साधारण साडेदहा ग्रॅम, बाहेरची बाजू सगळी मिळून ६ चौरस सेंटिमीटर. आता हाच ठोकळा १० नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला तर सगळ्या तुकड्यांची बाहेरची बाजू मिळून ६०० चौरस मीटर भरते, म्हणजे जवळपास ६,४५० चौरस फूट. मुंबईकराला चौरस फुटांचा हिशेब चटकन कळतो. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे अशा चाळीस खोल्यांची फरशी झाली. चांदी तेवढीच, फक्त पाण्याला भिडणारी जागा काडेपेटीच्या एका बाजूपेक्षाही लहान होती ती चाळीस खोल्यांएवढी झाली.

खडीसाखरेचा खडा तोंडात बराच वेळ टिकतो आणि पिठीसाखर जिभेवर ठेवताच विरघळते, तसंच हे आहे. वाटीतून चांदी सुटते ती नगण्य. नॅनोकणातून ती सतत, भराभर सुटत राहते. सुटते म्हणजे चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतो. अशा विद्युतभारित अणूला आयन म्हणतात. पुढच्या गोष्टीत खलनायक बहुतेक वेळा हाच आहे.

डॅफ्निया

क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यालयाच्या दुकानांत माशांचं जिवंत खाद्य मिळतं. मी तिथून पूर्वी वर्गासाठी डॅफ्निया आणायचे. हा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, तिळाएवढा, गोड्या पाण्यातला जीव. झटके देत उड्या मारल्यासारखा पोहतो, म्हणून त्याला पाण्यातली पिसू म्हणतात. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मुलं एकदम गप्प होतात, कारण तो आरपार दिसतो. पाठीकडे हृदय धडधडत असतं, मिनिटाला दोनशेच्या वर ठोके. पाठीच्या पोकळीत अंडी किंवा हातपाय फुटलेली पिल्लंही दिसतात. मधोमध आतड्याची वळलेली नळी असते. शेवाळ खाल्लेलं असलं की ती हिरवीगार दिसते.

जगभरच्या प्रयोगशाळा पाण्यातलं विष तपासायला हाच जीव वापरतात, कारण तो पाणी गाळून जगतो. पायांवरच्या बारीक केसांनी दिवसभर पाणी ओढायचं, त्यातलं शेवाळ, जिवाणू, जे सापडेल ते आतड्यात लोटायचं. निवड करायला त्याला फारसा वाव नसतो. पाण्यात धातूचे नॅनोकण असले, आणि पाण्यात ते एकमेकांना चिकटून पुंजके करतातच, की तेही आत जातात. अशा पाण्यात ठेवलेल्या डॅफ्नियाच्या छायाचित्रांत ती हिरवी नळी गडद, भरून अडलेली दिसते. पोट भरलेलं आहे आणि पोषण काही नाही.

मारतात कसे?

वाटा निरनिराळ्या आहेत, आणि धातूगणिक बदलतात.

चांदीची वाट सगळ्यात नीट उलगडली आहे. गोड्या पाण्यात राहणाऱ्या जिवाच्या अंगात मीठ जास्त आणि बाहेर पाण्यात जवळपास नाहीच, त्यामुळे मीठ सतत बाहेर झिरपतं. ते परत ओढून घ्यायला त्याच्या कल्ल्यांत सोडियमचे पंप चोवीस तास चालू असतात. चांदीचा आयन नेमका तिथे अडकतो. मेट्रोच्या गेटात चुकीचं टोकन अडकलं की गेट बंद पडतं आणि मागे रांग लागते, तसा पंप बंद पडतो. मासा असो वा डॅफ्निया, हळूहळू अंगातलं मीठ गमावतो आणि मरतो. जिवाणूंच्या बाबतीत चांदी प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट धरते आणि ती प्रथिनं निकामी होतात. मोज्यातले वासाचे जंतू मरतात ते यानेच. चांदीला घामाचा जंतू आणि तलावातला उपयोगी जंतू यातला फरक कळत नाही.

दुसरी वाट ऑक्सिजनची. चिरून ठेवलेलं वांगं हवेने काळं पडतं. पेशीच्या आतही ऑक्सिजनचे असे अतिक्रियाशील रेणू तयार होत असतात आणि पेशी ते विझवत असते. धातूचे कण आत आले की हे रेणू विझवण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने बनतात. मग पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, सगळ्यालाच झळ लागते. टायटॅनियम डायऑक्साईड, म्हणजे पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो तो, पाण्यात विरघळत नाही, म्हणून पुष्कळ दिवस निरुपद्रवी समजला गेला. पण त्यावर अतिनील किरण पडले की तो हेच रेणू भराभर तयार करतो. प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटखाली सुखरूप राहणारा डॅफ्निया सूर्यप्रकाशासारख्या उजेडात त्याच पाण्यात मरतो. आपल्याकडे मे महिन्यातलं ऊन किती असतं ते सांगायला नको.

तिसरी वाट वेषांतराची. १६६३ साली मावळे लग्नाच्या वऱ्हाडातून पुण्यात शिरले आणि लाल महालापर्यंत पोचले, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पेशीचा दरवाजा आयनांवर पहारा ठेवतो, हवे तेवढेच आत घेतो. नॅनोकणाला मात्र ती अन्नाचा घास समजून आवरणात गुंडाळून आत घेते. हा घास जिथे जातो तो पेशीचा कोपरा आम्लधर्मी असतो. तिथे कण विरघळतो आणि दरवाजावर अडवले गेले असते ते सगळे आयन थेट घरात मोकळे होतात.

प्रत्येक वेळी दोष 'नॅनो'चाच असतो असंही नाही, हे सांगायला हवं. झिंक ऑक्साईडच्या नॅनोकणांनी शेवाळाची वाढ खुंटते हे २००७ मध्ये तपासलं गेलं, तेव्हा असं दिसलं की साधी झिंक ऑक्साईडची पूड आणि विरघळलेलं जस्तही तेवढंच मारक आहे. म्हणजे तिथे गुन्हेगार विरघळलेलं जस्त. उलट त्याच वर्षी झेब्राफिशच्या कल्ल्यांवर तांब्याचे नॅनोकण तपासले, तर तेवढ्याच विरघळलेल्या तांब्याने न होणारी इजा दिसली. त्यामुळे 'नॅनोकण घातक असतात का' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणता धातू, केवढा कण, कशाचा मुलामा, कोणतं पाणी, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

दोन दिवसांत काही झालं नाही, म्हणजे पास?

डॅफ्नियाची ठरलेली परीक्षा ४८ तासांची असते. विष घातलेल्या पाण्यात पिल्लं सोडायची, दोन दिवसांनी किती हलत नाहीत ते मोजायचं.

कोळंबी-खेकड्यांप्रमाणे डॅफ्नियाही वाढताना कात टाकतो. नुकती कात टाकलेला मऊ खेकडा मासळीबाजारात पाहिला असेल तर तो किती असहाय असतो ते ठाऊक असेल. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॅफ्नियाची पिल्लं टायटॅनियम डायऑक्साईडच्या नॅनोकणांत ठेवली होती. ४८ तासांपर्यंत फारसं काही घडलं नाही. मग संशोधकांनी परीक्षा ९६ तासांपर्यंत लांबवली. पहिली कात बहुतेकांनी नीट टाकली. पण कण अंगावर थर धरून बसत होते, आणि दुसरी कात टाकायच्या वेळी बहुतेक पिल्लं जुन्या कवचात अडकली आणि तशीच मेली.

मला हा प्रयोग वर्गात सांगताना दर वेळी थांबावं लागतं. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी नोंदवही मिटली असती तर हा पदार्थ सुरक्षित ठरला असता.

समुद्र केवढा, त्यात चिमूटभर चांदी ती काय!

आधी चिमूट किती ते पाहू. गोड्या पाण्यातल्या डॅफ्नियाला चांदी बाधते ती लिटरमागे काही मायक्रोग्रॅमला, आणि विरघळलेल्या रूपात त्याहून कमीलाही. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम चांदी घाला. एका जोडव्यातही त्याहून जास्त चांदी असते.

मोज्यांतून ती सुटते का? अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये बाजारातले मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले. काही मोज्यांतली जवळपास सगळी चांदी पहिल्या चार धुण्यांत निघून गेली, काहींतली जेमतेम निघाली. चांदी धाग्यात कशी बसवली आहे त्यावर ते अवलंबून होतं. पाकिटावरून मात्र यातलं काहीच कळत नाही.

आता दुसरी बाजू. गटारात गंधक भरपूर असतं, आणि चांदी त्याला धरून सिल्व्हर सल्फाइड बनते. देवघरातली चांदीची भांडी काळी पडतात तोच हा थर, आणि तो चांदीच्या आयनापेक्षा पुष्कळ निरुपद्रवी असतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड चांदीला बांधून ठेवतं. खाऱ्या पाण्यात नॅनोकण, दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटावं तसे, एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून जास्त आत नेऊन सोडलं जातं, तिथे ते आणखी पातळ होतं. हे सगळं खरं आहे, आणि 'मोज्यांमुळे समुद्र मेला' असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

मग मी निश्चिंत का नाही? तळाशी बसलेलं नाहीसं होत नाही, म्हणून. खाडीच्या तळाशीच तर आपल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आहेत, खुबे आहेत, चिखलातले किडे आहेत. खडकावरचं कालव डॅफ्नियासारखंच पाणी गाळून जगतं, आणि पाण्यातले पुंजके त्याला गाळायला सोपेच जातात. शिवाय मुंबईतलं सगळं सांडपाणी लांब समुद्रात जात नाही. मिठी नदीत, नाल्यांत, पवईच्या तलावात प्रक्रिया न केलेलं, कच्चंच सांडपाणी उतरतं, आणि पवईच्या तलावात तर ना मीठ आहे ना भरतीची ओढ.

या वादावर मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला पुरावा कॅनडाचा आहे. ऑन्टारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २२२ क्रमांकाच्या तळ्यात शास्त्रज्ञांनी २०१४ आणि २०१५ असे दोन उन्हाळे चांदीचे नॅनोकण थोडे थोडे सोडले, सांडपाण्यातून येतील तसे. प्रयोगशाळेत शेवाळ चांदीने मरतं, म्हणून आधी शेवाळ ढासळेल असं वाटत होतं. तसं झालं नाही. तळ्यातल्या शेवाळाच्या समूहावर टिकणारा परिणाम दिसला नाही. संख्या घटली ती पिवळ्या पर्च नावाच्या माशाची. ते मासे खाणंही कमी खात होते, आणि त्यांना खाणाऱ्या पाइक माशाच्या यकृतात चांदी सापडली. बाटलीतल्या प्रयोगावरून तळ्याचं भाकीत करणं किती अवघड आहे, ते यावरून कळतं. काळजी फाजील ठरू शकते, आणि भलत्याच ठिकाणी खरीही ठरू शकते.

आपल्या खाडीत ही साखळी कशी आहे? बोंबील जवळा खातो, जवळा पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांवर जगतो. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. ही खाडी ज्यांच्यामुळे सगळ्यांना माहीत आहे त्या छोट्या रोहित पक्ष्यांची चोच चिखलातलं निळं-हिरवं शेवाळच गाळते. डॅफ्नियाच्या पोटातले टायटॅनियम डायऑक्साईडचे कण त्याला खाणाऱ्या झेब्राफिशमध्ये गेल्याचं प्रयोगात दिसलं आहे. वरची पायरी खालचीवरच उभी असते.

बोटींचा रंग

धातू आणि समुद्रातले बारके जीव यांचा जुना अनुभव आपल्या गाठीशी आहे. मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, वेसाव्याला किंवा खारदांड्याला गेलात तर बोटी ओढून वर घेतलेल्या दिसतात. बुडाला चिकटलेल्या कवचांची खपली खरवडतात आणि वर तांबूस रंगाचा हात देतात. पुष्कळ रंगांतली ती तांबूस छटा तांब्याच्या ऑक्साइडची. शिंपल्याचं पिल्लू तिथे चिकटू नये म्हणून ते घातलेलं असतं. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण बुरशीला मारतं त्याच गुणाने.

याच कामासाठी काही दशकं जगभर कथलाचं एक संयुग वापरलं गेलं. कल्हईचं साधं कथील वेगळं, हे कार्बनशी जोडलेलं. काम फार चोख करायचं. मग फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरातल्या कालवांची कवचं जाड, वेडीवाकडी होऊ लागली, नवी पिल्लं धरेनात. समुद्रगोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, तेही लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेला. फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींवर हा रंग लावायला बंदी घातली. जगभरची बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं. ते नॅनोकण नव्हते, पण कळल्यापासून थांबवण्यापर्यंत किती वर्षं गेली ते पाहा. आता तांब्याचे नॅनोकण घालून हे रंग करण्याचे प्रयोग चालू आहेत.

निसर्गातही असे कण असतातच की

असतात. नदीच्या गाळात लोहाचे, चिकणमातीचे नॅनोकण कायम असतात, आणि जीव त्यांच्यासोबतच वाढले. पण चांदी निसर्गाच्या पाण्यात एवढी दुर्मीळ आहे की तिच्याशी निभावून न्यायची वेळ डॅफ्नियावर फारशी आलेलीच नाही.

मग दवाखान्यातही बंद करायचं?

मुळीच नाही. भाजलेल्या जखमेवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम १९६० च्या दशकापासून वापरात आहे. २००९ मध्ये आलेल्या टाटा स्वच्छ फिल्टरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते, जिथे वीज आणि नळ नाहीत तिथे अतिसार टाळायला. अशा ठिकाणी चांदी वापरावीच.

आणि तिथे ती चालत राहावी म्हणूनच मला मोज्यातली खटकते. जिवाणू चांदीलाही सरावतात. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला, आणि तो काही प्रतिजैविकांनाही दाद देत नव्हता. चांदीपासून वाचवणारी जनुकं जिवाणू एकमेकांना देऊ शकतात. घामाचा वास साबणाने जातो, भाजलेल्या माणसाचा संसर्ग साबणाने जात नाही.

युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत त्या त्या घटकापुढे 'नॅनो' लिहावंच लागतं. भारतात २०२० मध्ये नॅनो खतं-कीटकनाशकं आणि खाद्यपदार्थ तपासण्यासाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या, हे चांगलं झालं. भाचीच्या पाकिटावर 'नॅनो सिल्व्हर' होतं ते जाहिरात म्हणून. किती चांदी, किती धुण्यांत निघते, यातलं काही नव्हतं.

आणि सांडपाण्याचा काळा गाळ?

मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशी सात नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बांधली जात आहेत, मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची. खाडीसाठी याहून चांगली बातमी नाही. चांदीचा बहुतेक भाग तिथे सल्फाइड होऊन गाळात बसेल, पाण्यात जाणार नाही. या केंद्रांत अमोनिया पचवणारे जिवाणू काम करतात आणि ते चांदीला फार हळवे असतात, त्यामुळे येणारी चांदी कमी असेल तेवढं केंद्रालाही बरं.

पण गाळ रोज निघणार, आणि सांडपाण्याच्या गाळाचं खत करून शेतात घालण्याची पद्धत जगभर आहे. म्हणजे मोज्यातली चांदी शेवटी मातीत. मातीत ती काय करते याचे प्रयोग गांडुळांवर झाले आहेत. खोक्यात एका बाजूला साधी माती, दुसऱ्या बाजूला चांदीचे नॅनोकण मिसळलेली माती आणि मधोमध गांडुळं. त्यांना डोळे नाहीत, पाकीट वाचता येत नाही. सुरुवातीला ती दोन्हीकडे फिरली. दोनेक दिवसांत बहुतेक गांडुळं चांदीची बाजू सोडून साध्या मातीत गेलेली होती.